व्हायोलिन पुढे असलेलं रॉक सुचवा (अंदाजे १९६७ ते १९७९)

अरणगावकर :

मंडळी, सल्ला हवा आहे.

लेक पंधरा वर्षांची. सहा वर्षं हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकतेय. भूप, दुर्गा, यमन झाले, बागेश्री चालू आहे. हात चांगला आहे असं गुरुजी म्हणतात. पण दिवाळीपासून रियाजाचं नाव काढलं की चेहरा पडतो. आम्हीही मागे लागायचं सोडलं होतं.

परवा पुण्याहून येताना गाडीत माझी हॉस्टेलच्या काळातली गाणी लावली होती. 'द हू'चं 'बाबा ओ'रायली' लागलं. शेवटच्या दीडेक मिनिटात गाणारा गप्प होतो आणि व्हायोलिन सुरू होतं, आधी बेतानं, मग सुसाट. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, पुन्हा लाव." शिरूर ते नगर सात वेळा लावलं. घरी आल्यावर कुणी न सांगता व्हायोलिनची पेटी उघडली गेली.

तर अशी अजून गाणी सांगा. अट एकच : व्हायोलिन करवलीसारखं मागे उभं नको, बोहल्यावर हवं. मागे चाळीस जणांचा ताफा आणि पुढे गायक, असलं तिला हिंदी सिनेमात भरपूर मिळतं. गाण्याचे शब्द तिला फारसे कळत नाहीत आणि पर्वाही नाही. मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. ते 'बाबा ओ'रायली'त वाजवलंय कुणी, हेही माहीत नाही.

खर्जातला :

वाजवलंय डेव्ह आर्बसनं. तो 'द हू'चा नव्हेच. 'ईस्ट ऑफ ईडन' नावाच्या दुसऱ्या इंग्लिश बँडचा. ड्रमवाला कीथ मून त्याचा मित्र, शेवटी व्हायोलिन घालायची कल्पनाही मूनचीच. गाणं १९७१चं, 'हूज नेक्स्ट' या अल्बममधलं पहिलंच. स्टेजवर आर्बस कुठून आणणार, म्हणून गायक रॉजर डाल्ट्री ती जागा माउथऑर्गनवर भरून काढायचा.

पण मला हसू वेगळ्याच गोष्टीचं आलं. आयडी घेतलाय अरणगावकर आणि हा बाबा कोण ते माहीत नाही?

अरणगावकर :

बाबा म्हणजे कुणीतरी हिप्पी असेल असं समजत होतो. का?

खर्जातला :

अहो, मेहेरबाबा! तुमच्या गावच्या शिवेवरचे. 'द हू'चा गिटारवाला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. गाण्याच्या नावातला 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. सुरुवातीला ते टिकटिकतं गोल गोल फिरणारं वाजतं ना, ते रायलीच्या पद्धतीनं केलेलं. बहुतेकांना तो सिंथेसायझर वाटतो, पण ते लॉरी कंपनीचं घरगुती ऑर्गन आहे, त्याच्या आपोआप पुनरावृत्ती करणाऱ्या बटणावर वाजवलेलं.

टाउनशेंड १९७२ साली मेहेराबादला येऊनही गेला. आणि गंमत बघा, बाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या नावाचं गाणं केलं कुणी, तर ज्यांच्या १९७६च्या लंडनमधल्या मैफिलीची गिनेसनं जगातला सगळ्यात मोठा आवाज म्हणून नोंद केली त्यांनी.

अरणगावकर :

आई शप्पथ. आमच्या आत्याची जमीन दौंड रस्त्याला, मेहेराबादच्या रुळांच्या अलीकडे. लहानपणी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला आम्ही सायकली घेऊन गोरे लोक बघायला जायचो. त्यांच्यातले निम्मे अर्धे हेच गाणं ऐकून आले असतील असं कधी मनात आलं नाही. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हे आपल्याकडचंच गाणं आहे." मी म्हटलं, इतकंही नाही.

बे_एरियातला_काका :

मग आपल्याकडचं अजून एक घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचा बँड, 'इट्स अ ब्यूटिफुल डे'. व्हायोलिनवाला डेव्हिड लाफ्लाम हाच बँडचा म्होरक्या आणि गायक, आधी यूटाच्या सिंफनीत वाजवलेला. १९६९चा त्यांचा पहिला अल्बम. त्यात 'व्हाइट बर्ड' प्रसिद्ध आहे, ते ऐकवाच, पण आधी ऐकवा 'बॉम्बे कॉलिंग'. शब्द नाहीत, नुसतं वाद्यांचं. मुंबईशी त्याचा नावापलीकडे काही संबंध आहे असं ऐकून तरी वाटत नाही.

आता पुढचं. हॉस्टेलवर 'डीप पर्पल' ऐकलं असेलच. 'चाइल्ड इन टाइम' आठवतं? ती सुरुवातीची ऑर्गनची धून याच 'बॉम्बे कॉलिंग'ची, लय उतरवून घेतलेली. त्यांचा गायक इयन गिलननं स्वतः कबूल केलंय. म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये चार पिढ्या डोळे मिटून जे गिटारवर वाजवत आल्या, ती मुळात व्हायोलिनची चाल, आणि नावात मुंबई. मी हा अल्बम १९८३ साली इथल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दोन डॉलरला घेतला. घरी येऊन सुई ठेवली आणि खोलीतल्या पार्टनरला म्हटलं, अरे, हे तर चोरलंय. तो म्हणाला, चोरलंय खरं, पण यांनी नाही, त्यांनी.

खर्जातला :

काका, फिट्टंफाट झाली होती ती. लाफ्लामच्या पुढच्या अल्बमचं पहिलं गाणं 'डॉन अँड ड्यूई' ऐका आणि मग डीप पर्पलचं १९६८चं 'रिंग दॅट नेक' ऐका.

बे_एरियातला_काका :

हो, ते आहेच! आणि 'डॉन अँड ड्यूई' ही पन्नाशीच्या दशकातली खरीखुरी जोडी. त्यातला डॉन म्हणजे डॉन 'शुगरकेन' हॅरिस, ज्यानं पुढे अमेरिकन गिटारवाला फ्रँक झापा याच्याबरोबर व्हायोलिन वाजवलं. सगळे एकमेकांचे चुलतभाऊच.

सांजवेळ :

शुगरकेन हॅरिसचं नाव निघालंच आहे तर माझं मत : सुरुवात तिथूनच करा. झापाचा 'हॉट रॅट्स', १९६९. 'विली द पिम्प' हे गाणं व्हायोलिनच्या रिफनंच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यानंच, उघडतं. गाण्याच्या नावाचा अर्थ लेकीनं विचारला तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि 'द गंबो व्हेरिएशन्स', जुन्या तबकडीवर तेरा मिनिटांचं. हॅरिस वाजवतो ते ऐकून तुमच्या गुरुजींना घेरी येईल. गज तारेवर घासतो, ओरबाडतो, सूर मुद्दाम थोडा खालून धरून वर ओढतो. ब्लूजवाला माणूस, त्याला गोड वाजवण्यात रसच नाही. बाकीच्या बऱ्याच जणांचं व्हायोलिन ऐकताना हा विद्यार्थी चांगल्या शाळेतून आलाय हे कळतं. हॅरिसच्या बाबतीत असं काही कळत नाही, आणि म्हणून मला तो सगळ्यांत आवडतो.

त्याच अल्बमवर एका गाण्यात ज्याँ-ल्यूक पोंती हा फ्रेंच माणूसही आहे. पॅरिसच्या कॉन्झर्वेत्वारचं पहिलं बक्षीस मिळवलेला. एका तबकडीत दोन टोकं.

गप्पू :

रॉकमध्ये व्हायोलिन म्हणजे पुरणपोळीवर टोमॅटो केचप.

सांजवेळ :

गप्पू, खाऊन बघितलंयत?

गप्पू :

पुरणपोळी की व्हायोलिन?

तिहाई_चुकली :

तबलजी आहे, त्यामुळे माझा कौल पक्षपाती. महाविष्णू ऑर्केस्ट्रा. 'द इनर माउंटिंग फ्लेम' १९७१, 'बर्ड्स ऑफ फायर' १९७३. गिटारवर जॉन मॅक्लाफ्लिन, व्हायोलिनवर जेरी गुडमन, ड्रमवर बिली कॉबहॅम. महाविष्णू हे नाव मॅक्लाफ्लिनला न्यूयॉर्कमधल्या श्री चिन्मय या बंगाली गुरूंनी दिलेलं.

'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठरा मात्रांचं आहे. लेकीला सांगा, हातावर मात्रा मोज आणि सम शोध. पहिल्या दिवशी सापडली तर माझ्यातर्फे आइसक्रीम. गिटार आणि व्हायोलिन दोघं एकच तान एकत्र घेतात, मग एकेक आवर्तन आलटून पालटून, मग एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सवाल-जवाब म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. आणि या दंग्यातून डोकं दुखलं तर पहिल्या अल्बममधलं 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' लावा. त्यात ड्रम नाहीतच.

गुडमन आधी शिकागोच्या 'द फ्लॉक'मध्ये होता. १९६९च्या त्यांच्या तबकडीची सुरुवातच त्याच्या एकट्याच्या व्हायोलिननं होते. ती दोन-तीन वेळा ऐकण्यापुरती ठीक आहे.

मंद्र :

पण हे जॅझ झालं ना? धागाकर्त्यानं रॉक विचारलंय.

तिहाई_चुकली :

कानाला बोळे घालायला लागतात म्हणजे रॉक. संपला विषय.

मंद्र :

नाही पटलं. त्या न्यायानं आमच्याकडचा गणपतीचा डीजेही रॉक होईल.

नगारखाना :

मला मुळात एक विचारायचंय. व्हायोलिन तर चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. मग रॉकवाल्यांना ते नेमकं १९६७-६८ नंतरच का सुचलं?

खर्जातला :

सुचलं आधीही असेल, ऐकू येत नव्हतं. एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला माणसाच्या उंचीचे गिटारचे अँप (आवाज वाढवणारे अँप्लिफायर), आणि मध्ये हे अर्धा किलोचं पोकळ लाकूड. समोर माईक ठेवला तर व्हायोलिनच्या आधी ड्रमच त्यात शिरतात. आवाज वाढवला तर स्पीकरचा आवाज त्या पोकळ पोटात घुमून परत माईकमध्ये जातो आणि कान फाटेल अशी शिट्टी बसते. साठीच्या दशकात घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, बसणारे पिकअप आले. तारेची थरथर घोडीत उतरते, तिथूनच ती उचलायची, हवेतून नाही. एकदा तो सिग्नल वायरीतून आला की मग गिटारला जे जे लावतात ते सगळं व्हायोलिनला लावता येतं : वाह-वाह पेडल, एको, डिस्टॉर्शन. पुढे एडी जॉबसननं तर पारदर्शक प्लास्टिकचं व्हायोलिन घेतलं. आवाजाचं काम तारा आणि पिकअपच करणार असतील तर लाकडाचं पोट हवं कशाला?

दुसरं कारण माणसांचं. लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली पोरं वीस वर्षांची झाली तेव्हा आजूबाजूला जिमी हेंड्रिक्सची गिटार वाजत होती. ऑर्केस्ट्रात सोळाव्या खुर्चीवर बसायचं की स्टेजच्या मध्यभागी उभं राहायचं, तुम्हीच सांगा. तिसरं, गाणी लांबली. तीन मिनिटांच्या गाण्यात कुणी व्हायोलिनला जागा देत नाही. अकरा मिनिटांच्या गाण्यात कुणाला तरी द्यावीच लागते.

तरी हाल संपले नाहीतच. डेव्हिड क्रॉस हा किंग क्रिमसनचा व्हायोलिनवाला. १९७३चा 'लार्क्स टंग्ज इन आस्पिक' ऐका. पहिल्या गाण्याच्या मध्यावर सगळे थांबतात आणि हा एकटा इतकं हळू वाजवतो की शेजारी मिक्सर चालू असेल तर ऐकू येणार नाही. त्याच अल्बममधलं 'एक्झाइल्स' तर सुंदरच. पण मैफिलींमध्ये बास आणि ड्रम इतके चढत गेले की त्यांच्यापुढे व्हायोलिनचं काही चालेना आणि हा बिचारा जास्तीत जास्त वेळ कीबोर्डवर बसू लागला. १९७४च्या उन्हाळ्यात दौरा संपला आणि हा बाहेर. नंतर त्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम निघाला 'यूएसए' नावाचा, त्यात काही ठिकाणी एडी जॉबसनकडून स्टुडिओत पुन्हा व्हायोलिन वाजवून घेतलं. स्वतःच्या मैफिलीच्या रेकॉर्डवर दुसऱ्याचा हात, याहून वाईट काय असेल? मला क्रॉस म्हणूनच जवळचा वाटतो. लेकीला अवश्य ऐकवा, पण पहिल्या आठवड्यात नको.

कोव्हेंट्रीची_ताई :

इंग्लंडातून हजेरी. सगळे विजेवर घसरलेत, जरा मातीतलंही ऐकवा. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, डेव्ह स्वार्ब्रिक. १९६९च्या 'अनहाफब्रिकिंग'मध्ये 'अ सेलर्स लाइफ' आहे, अकरा मिनिटांचं. स्वार्ब्रिक तेव्हा बँडमध्येही नव्हता, पाहुणा म्हणून आला होता. गाणं संपत आलंय असं वाटतं आणि तिथून रिचर्ड थॉम्प्सनची गिटार आणि याचं व्हायोलिन एकमेकांना शोधत निघतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरातला 'लीज अँड लीफ' तर पूर्णच ऐकायचा. तिकडे त्याला व्हायोलिन म्हणत नाहीत, फिडल म्हणतात. वाद्य तेच. आपल्याकडे संवादिनीला पेटीही म्हणतात तसा काहीसा प्रकार.

अवांतर : १९९९ साली इथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं स्वार्ब्रिकचा मृत्युलेखच छापला. हा इथे कोव्हेंट्रीतल्या इस्पितळात खाटेवर. त्याची प्रतिक्रिया अशी की कोव्हेंट्रीत मी मरण्याची ही काही पहिली वेळ नाही! पुढे २०१६पर्यंत जगला आणि तो मृत्युलेख स्वतः मैफिलींमध्ये विकायचा.

सांजवेळ :

'फिडल'वरून आठवलं. रोलिंग स्टोन्सचं १९६९चं 'कंट्री हॉंक'. फिडलवाला बायरन बर्लिन याला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओच्या बाहेर फुटपाथवर उभं करून ध्वनिमुद्रण केलं. गाडीचा हॉर्नही ऐकू येतो. लक्ष्मी रोडवर करून दाखवा म्हणावं.

मडगांवचो :

तुम्हा महाराष्ट्रातल्या लोकांचं व्हायोलिन म्हणजे एकदम जोगांचं गाणारं व्हायोलिन, नाहीतर दातार. आमच्याकडे ते चर्चमधलं. माझा आजोबा पॅरिश स्कूलमध्ये नोटेशन शिकला, माझा मोठा मामा त्याच शिदोरीवर मुंबईला जाऊन सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा. त्यामुळे मला रॉकमधला डॅरिल वे जवळचा. 'कर्व्हड एअर'चा, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचा. १९७०च्या 'एअर कंडिशनिंग'मध्ये 'विवाल्दी' नावाचं गाणं आहे. सुरुवात अगदी रविवारच्या प्रार्थनेसारखी शिस्तीत, आणि नंतर विवाल्दीला घेऊन हा माणूस जे करतो ते बघून आजोबानं कानाला हात लावला असता. मामाला आवडलं असतं. बँड गाजला तो 'बॅक स्ट्रीट लव्ह'मुळे, पण तुमच्या कामाचं 'विवाल्दी'.

वे सोडून गेल्यावर त्याच्या जागी आला तो वरचा प्लास्टिकवाला एडी जॉबसन, वय वर्षं १७. नंतर रॉक्सी म्युझिक. 'आउट ऑफ द ब्लू' ऐका, १९७४.

खर्जातला :

आणि 'कर्व्हड एअर' हे नाव कुठून आलं? टेरी रायलीच्या १९६९च्या 'अ रेनबो इन कर्व्हड एअर' या तबकडीवरून. पुन्हा तोच रायली! याच रायलीनं १९७० साली पंडित प्राणनाथांचा गंडा बांधला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, वहीद खाँसाहेबांचे शिष्य. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंही घराणं तेच, आणि त्यांच्याकडून सवाई गंधर्व, मग भीमसेनजी. ओढून ताणून आणलेलं नातं आहे हे मान्य. पण लेकीचे गुरुजी किराण्याचे असतील तर त्यांना पटवायला उपयोगी पडेल.

अरणगावकर :

आहेत ना, किराण्याचेच!! आजच सांगतो.

मंद्र :

कुणी 'कॅन्सस'चं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. 'डस्ट इन द विंड', १९७७. रॉबी स्टाइनहार्ट. इतकं लोकप्रिय गाणं सोडून सगळे बोळाबोळातनं फिरताय.

सांजवेळ :

कारण ते गाणं गिटारचं आहे. व्हायोलिन मध्ये येऊन डोळे पुसून जातं.

मंद्र :

तेवढंच पुरतं कधीकधी. मध्यंतरी स्टाइनहार्ट गेला (२०२१) तेव्हा मी फक्त तो तुकडा तीनदा ऐकला. एकही जादा सूर नाही. तुमचा तो हॅरिस तेरा मिनिटांत सांगतो ते हा चाळीसेक सेकंदांत सांगतो. आणि दांडगाई हवी असेल तर याच अल्बमचं शीर्षकगीत आहे, 'पॉइंट ऑफ नो रिटर्न'. त्याची खूण व्हायोलिनचीच.

सांजवेळ :

शीर्षकगीताला अनुमोदन. बाकी आपलं जमायचं नाही.

गप्पू :

ईएलओ (इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा)? त्यांच्याकडे तर एक व्हायोलिन आणि दोन चेलो होते.

खर्जातला :

ईएलओ मला आवडतात, पण धागाकर्त्याच्या भाषेत त्या करवल्या. अपवाद 'लिव्हिन' थिंग', १९७६. सुरुवातीलाच मिक कामिन्स्कीचं एकट्याचं व्हायोलिन येतं, निळ्या रंगाचं. मग ते आत जातं आणि करवल्या बाहेर येतात.

गप्पूशेठ, तुम्ही केचपवाले ना?

गप्पू :

वाचता वाचता ऐकतोय. 'गंबो'वर आहे. बोलू नका.

स्वरालीची_आई :

मी स्वतः संवादिनीची साथ करते, म्हणून वेगळं सुचवते. तुमच्या मुलीला पुढे वाजवायचं आहे, पण साथ कशी करायची हेही कळायला हवं. त्यासाठी बॉब डिलनचा 'डिझायर' (१९७६). व्हायोलिनवर स्कार्लेट रिव्हेरा. ही बाई न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये पाठीला व्हायोलिन लावून रस्त्यानं चालली होती, डिलननं गाडी थांबवून विचारलं, वाजवता येतं का? आणि नेलं तालमीला. 'हरिकेन' आठ मिनिटांचं आहे. त्यात ती जवळजवळ पूर्ण वेळ वाजवते आणि तरी गाणाऱ्याच्या पायात पाय येऊ देत नाही. ओळ संपली की ती शेपूट उचलते, थोडं वळवते, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होते. गाणारा लहरी, कधी कुठे श्वास घेईल नेम नाही. ज्यांनी खयालाला साथ केली आहे त्यांना हे किती अवघड असतं ते माहीत आहे. 'वन मोअर कप ऑफ कॉफी'ही ऐकवा. त्यातली सुरुवात ऐकून बागेश्री सुटेल की नाही सांगता येत नाही, पण पेटी नक्की उघडेल.

तिहाई_चुकली :

साथीवरून, मग 'शक्ती'ही आलंच. रॉक नाही, मान्य, मंद्रनं काठी उगारायच्या आत मीच म्हणतो. पण महाविष्णू मोडल्यावर मॅक्लाफ्लिन विजेची गिटार बाजूला ठेवून मांडी घालून बसला तो यासाठी. एल. शंकर व्हायोलिनवर, झाकीरभाई तबल्यावर, विक्कू विनायकराम घटमवर. १९७६ आणि १९७७चे तीन अल्बम. तुमची लेक ज्या बैठकीत वाजवते त्याच बैठकीत शंकर वाजवतो, खाली मान करून, आणि वेग पाहा. झाकीरभाई गेल्यापासून मला हे ऐकायला जरा धीर लागतो. माहीमचा मुलगा, १९७६ साली पंचविशीचा.

नुसता_वाचक :

कुणीतरी व्हेल्वेट अंडरग्राउंड म्हणा की. १९६७, 'व्हीनस इन फर्स'.

खर्जातला :

तो व्हायोला आहे, व्हायोलिनचा थोरला भाऊ. जॉन केल. घोडी तासून सपाट केलेली, म्हणजे गज एकाच वेळी दोन-तीन तारांवर फिरावा. वर गिटारच्या तारा लावलेल्या. तानपुऱ्याला गज लावला तर जे होईल ते. भारी आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्या गाण्याचा विषय मी सुचवणार नाही.

अरणगावकर :

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे आभार. वृत्तांत देतो.

फ्रिजवर तक्ता लागलाय. 'बॉम्बे कॉलिंग' पहिल्याच दिवशी पास. 'विली द पिम्प' लावल्यावर स्वयंपाकघरातून विचारणा झाली की मांजर कुठे अडकलंय, पण लेकीनं लगेच स्वतःचं व्हायोलिन घेऊन तो खालून सूर ओढायचा प्रकार करून पाहिला. म्हणाली, ही तर मींडच आहे, फक्त रागावलेली. महाविष्णूची अठरा मात्रांची सम तिला चौथ्या दिवशी सापडली, त्यामुळे आइसक्रीम बुडालं. 'डस्ट इन द विंड' तिच्या आईला आवडलं. 'हरिकेन' ऐकताना ती पहिल्या दोन मिनिटांत कंटाळली, पण परवा रात्री हेडफोन लावून पुन्हा तेच ऐकत होती. किंग क्रिमसन अजून लावलेलं नाही, खर्जातलेंचा शब्द पाळतोय.

आता मुख्य. 'बाबा ओ'रायली'चा शेवट तिनं बसवला. स्वर शोधायला त्रास झाला नाही. क्लासमधल्या काकूंनी पेटीवर पाहून सांगितलं की गाणं पांढरी चारचं आहे, आणि खाली नुसतं सा, प, म एवढंच फिरतंय. तारा त्याप्रमाणे लावून घेतल्या. शनिवारी गुरुजींना वाजवून दाखवलं. मी बाहेर चपलांपाशी उभा, धाकधूक. वाजवून झाल्यावर बराच वेळ काही आवाज नाही. मग गुरुजी म्हणाले, "लय वाढते तिथे गज लांब ओढू नकोस. मधल्या चार बोटांतच ठेव. हं, पुन्हा. एकपट, मग दुप्पट." आणि स्वतः मांडीवर ठेका धरला. किराण्याचं नातं सांगायची वेळच आली नाही.

नवा प्रश्न : तिला आता हे उभं राहून वाजवायचं आहे. बैठकीत व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्याशी टेकतं, त्यामुळे डावा हात मोकळा असतो. उभं राहिल्यावर मींड घेताना सगळं वाद्यच खाली घसरतंय. आणि ते घोडीवरचं पिकअप घ्यावं की थेट विजेचं व्हायोलिन?

मडगांवचो :

विजेचं इतक्यात घेऊ नका. हाताला सवय एका वजनाची, ती मोडेल. घोडीला चिमटा लावून बसणारं साधं पिकअप पुरेल, पण त्याच्या आणि अँपच्या मध्ये प्रीअँप (सिग्नल आधी बळकट करणारी छोटी पेटी) हवाच, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ येतो. अँपकडे तोंड करून उभं राहायचं नाही, शिट्टी बसते.

घसरण्याचं म्हणाल तर हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरायला शिकावं लागेल, त्याला दोन-तीन महिने लागतात. खांद्याखाली लावायची गादी वाद्यांच्या दुकानात मिळते, तिच्या मानेच्या उंचीप्रमाणे घ्या. तोवर आजोबाचा उपाय : हातरुमालाची घडी आणि रबरबँड. आणि सुरुवातीला मींड वरून खाली नको, खालून वर घ्यायला सांगा. वर जाताना हात व्हायोलिनला खांद्याकडे ढकलतो, खाली येताना ओढून नेतो.

अरणगावकर :

रुमाल लावला. टिकतंय.

गप्पू :

'गंबो'नंतर काय ऐकू?